अठ्ठेचाळीस आकडी किल्ली

नवा लॅपटॉप घरात आल्याच्या सहाव्या दिवशी मी तो बंद पाडला. त्याचा दोष एवढाच, की तो व्यवस्थित चालत होता.

गैरसमज नको. मी मोडतोड करणारा माणूस नाही. मी किन्हीराजा गावच्या शाळेत इतिहास शिकवतो, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून रोज मोटारसायकलने जातो-येतो आणि आयुष्यात एकही लढाई केलेली नसताना रोज दोन-तीन तरी लढाया शिकवतो. पण मागच्या वर्षी शाळेतून कुणाला तरी दोन दिवसांच्या संगणक प्रशिक्षणाला पाठवायचं होतं. ‘कोण जातंय?’ असं विचारलं गेलं, तेव्हा मी नेमका जांभई द्यायला तोंड उघडलं होतं. परत आलो तो तज्ज्ञ होऊनच! तेव्हापासून शाळेतला प्रिंटर अडला की मला बोलावणं येतं. मी गंभीर चेहऱ्याने प्रिंटर बंद करतो, पाच मिनिटं थांबतो आणि पुन्हा चालू करतो. बहुतेक वेळा तो चालतो. (नाही चालला तर मी मान हलवून ‘हार्डवेअर’ असं म्हणतो. त्यानंतर कुणी काही विचारत नाही.)

त्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या माणसाने जाता जाता एक वाक्य टाकलं होतं. एकाच लॅपटॉपमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवता येतात. चालू केला की तोच विचारतो, ‘विंडोज उघडू की लिनक्स?’ तुम्ही सांगाल ती उघडतो. झालं! मला घरात भाजी कोणती हवी हे वीस-बावीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. मला विचारणारं यंत्र मिळतं म्हटल्यावर मी पार विरघळलो.

लॅपटॉप आला तो मात्र माझ्यासाठी नव्हता. तो आला माझ्या मुलीसाठी. केतकी अकोल्याला संगणकाचं शिकून नुकतीच घरी आली होती आणि पुण्याच्या एका कंपनीत तिची मुलाखत ठरली होती, तीही घरबसल्या, लॅपटॉपवरून. मी पहिल्याच दिवशी तिला म्हटलं, “याच्यात लिनक्स टाकू.”

“मुलाखत झाल्यावर टाकू बाबा. मी टाकून देते तुमाले.”

या ‘मी टाकून देते’नेच घात केला. ज्या पोरीला मी बोट धरून अ-आ-ई शिकवलं, ती मला टाकून देणार! मी गुपचूप शाळेतल्या संगणकावर एका पेनड्राइव्हमध्ये लिनक्स भरून घेतलं आणि संधीची वाट बघू लागलो.

संधी आली ती नेमकी मुलाखतीच्याच दिवशी. मुलाखत दुपारी बारा वाजता होती. मी रजा टाकली होती. (मुलाखत तिची, रजा माझी. बापाचा आधार लागतो.) सकाळी नऊला केतकी न्हायला गेली. तिचे केस कमरेपर्यंत. धुणं, पुसणं, गच्चीवर वाळवणं, वेणी घालणं, हा कार्यक्रम तासा-दीड तासाच्या आत कधीच आटपत नाही. आणि लिनक्स टाकायला वीस मिनिटं लागतात असं मी वाचलं होतं. म्हणजे दोनदा टाकून एकदा काढता आलं असतं!

मी लॅपटॉप उघडला, पेनड्राइव्ह खोचला. मंगल, म्हणजे आमची बायको, स्वयंपाकघरातून डोकावली.

“अहो, काय करून राह्यले?”

“काही नाही. वीस मिनटाचं काम हाय.”

“मांगच्या टायमाले मिक्सरचंबी वीस मिनटाचंच होतं.”

मी तिकडे दुर्लक्ष केलं. मिक्सर ही वेगळी गोष्ट होती. (हार्डवेअर.)

पडद्यावर एकामागून एक सूचना येऊ लागल्या. ‘आधी आपल्या माहितीची प्रत काढून ठेवा.’ मी ‘पुढे’ दाबलं. ‘अमुक सुरक्षा सेटिंग बंद केल्यास परिणाम होऊ शकतात.’ परिणाम व्हावा म्हणूनच तर चाललं होतं! मी ती बंद केली. ‘आपली खात्री आहे का?’ इतकी खात्री मला लग्नाच्या वेळीही नव्हती. पुढे!

आणि काय सांगू, लिनक्स उघडलं! पडद्यावर जांभळ्या रंगाची सुंदर लाट, कोपऱ्यात टपोरं घड्याळ. मी जवळजवळ ओरडलोच, “मंगल! पाह्य इकडे!”

ती हाताला पीठ लागलेलं तसंच घेऊन आली. तिने बघितलं. “चांगलं दिसून राह्यलं. मंग मुलाखत याच्यावरच हाय का?”

“याच्यावरच. फक्त वायफाय जोडतो.”

वायफायची खूण मी वरच्या कोपऱ्यात शोधली, खालच्या कोपऱ्यात शोधली. पलंगाखालीही बघितलं असतं. नव्या लॅपटॉपमधलं वायफाय त्या लिनक्सला ओळखताच येत नव्हतं. शिवाय मला तेव्हाच आठवलं, की कंपनीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: मुलाखत आणि चाचणी विंडोजवरूनच द्यावी, मोबाइल चालणार नाही.

तरी मी घाबरलो नाही. दोन सिस्टीमचा हाच तर फायदा! ही नाही तर ती. मी ऐटीत लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, विंडोजवर बोट ठेवलं आणि पडदा निळा झाला.

निळा म्हणजे नुसता निळा. वर इंग्रजीत दोन-तीन ओळी, आणि त्याखाली एक लांबलचक रिकामी पट्टी. मजकुराचा अर्थ असा, की या लॅपटॉपशी कुणी तरी छेडछाड केलेली दिसते (कुणी तरी!), तेव्हा मालकाने आपली अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाकावी, मगच दार उघडेल.

अठ्ठेचाळीस! मला माझ्या मोटारसायकलचा नंबर पाठ नाही. मी बंद करून चालू केलं. निळा. पाच मिनिटं थांबून चालू केलं. तोच निळा. ‘हार्डवेअर’ असं पुटपुटूनही बघितलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मी झटकन लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि त्यावर वर्तमानपत्र पसरून वाचू लागलो. केतकी अर्धवट वाळलेल्या केसांना टॉवेल गुंडाळून आली.

“बाबा, लॅपटॉप कुठी हाय?”

“चार्जिंगले लावला.”

“कुठी?”

“हा काय. पेपराखाली.”

“पेपराखाली कायची चार्जिंग?” तिने वर्तमानपत्र उचललं, झाकण उघडलं. निळा उजेड तिच्या तोंडावर पडला. तिने वर्तमानपत्राची नीट घडी घालून ते बाजूला ठेवलं. मोठी माणसं ओरडली की बरं वाटतं. शिकलेली लेकरं घडी घालू लागली, की आपलं काही खरं नसतं.

“बाबा, काय केलं?”

“काही नाही केलं.”

“काही नाही म्हंजे किती?”

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी सगळं कबूल केलं. ती खुर्चीवर बसली आणि मोबाइलवर काही तरी शोधू लागली. संगणक शिकून आलेली माझी पोरगी उत्तर मोबाइलला विचारत होती. ते पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. चार महिने ही पोरगी या एका मुलाखतीसाठी भिंतीशी इंग्रजी बोलत होती, आणि मी ती भिंतच पाडली होती.

मंगलने तेवढ्यात शेजारच्या रफिकभाईंना हाक मारली होती. रफिकभाई शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांच्या हातून आजवर एकही मशीन बिघडलेलीच राहून परत गेलेली नाही, म्हणून गल्लीत काहीही बंद पडलं, अगदी एखाद्याचं बोलणंसुद्धा, तरी लोक त्यांनाच बोलावतात. ते स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले.

“सर, खोलू का मंग?”

“नको!” आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

“बरं, मत खोलो.” त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला, चष्मा चढवला आणि निळ्या पडद्यावरच्या ओळी बोट ठेवून, हळूहळू, शेवटपर्यंत वाचल्या. मग म्हणाले, “सर, हितं खाली लिवलं हाय ना. किल्ली तुमच्या खात्यात ठेवेल हाय म्हंते. मोबाइलवरून खातं उघडा अन् किल्ली काढा. तुमी वाचलं नाही काय?”

मी वाचलं नव्हतं. ‘प्रश्न पूर्ण वाचा, मगच उत्तर लिहा’ असं दरवर्षी शंभर मुलांना सांगणारा मी! केतकीनेही घाबरून पहिल्या ओळीवरच वाचणं सोडलं होतं. पैकीच्या पैकी गुण रफिकभाईंना.

“खातं कोनाच्या नावाचं हाय?” केतकीने विचारलं.

“माह्या.” मी म्हणालो. लॅपटॉप घेतला त्या दिवशी ती निकालाचा कागद आणायला अकोल्याला गेली होती. दुकानात मी एकटाच होतो. दुकानदाराने ईमेल विचारला आणि मी छाती फुगवून माझा सांगितला.

“पासवर्ड?”

मी छताकडे बघितलं. छताला ठाऊक नव्हता.

“बरं, पासवर्ड भुललो म्हनून टाकते. ओटीपी येईन तुमच्या नंबरवर.” तिने मोबाइलवर काही दाबलं आणि एकदम थांबली. “बाबा, हा शेवटी सत्तावन्न असलेला नंबर कोनाचा हाय?”

“माहा जुना.”

“ते सिम कुठी हाय?”

मंगलने कपाळावर हात मारला, पिठाचा. “ते तर आईपाशी हाय! कामरगावले!”

खरंच होतं. नवा फोन घेतल्यावर माझा जुना बटनांचा फोन मी सिमसकट सासूबाईंना भेट दिला होता. (औदार्य असं अंगावर येतं.) माझ्या पासवर्डची किल्ली, म्हणजे लॅपटॉपच्या किल्लीची किल्ली, कामरगावला सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत, सुपारीच्या शेजारी होती!

मी मामींना, म्हणजे सासूबाईंना, फोन लावला, स्पीकरवर टाकला. घड्याळात पावणेअकरा.

“कोन बोलून राह्यलं?”

“मामी, मी गजानन. तुमच्या फोनवर आता एक मेसेज येईन. त्याच्यात सा आकडे असन. ते मले वाचून दाखवा.”

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, कधी नव्हे इतका थंड. “ओटीपी मांगून राह्यला का रे, मुडद्या?”

“मामी, मी जवाई बोलतो!”

“सारे असंच म्हंतेत! माह्या जवायानं मले सांगेल हाय, ओटीपी कोनालेच द्याचा नाही. जवाई म्हनून फोन आला तरी द्याचा नाही. आवाज काढतेत म्हने आजकाल!”

आणि फोन बंद.

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. दिवाळीत कामरगावला गेलो असताना मी ओसरीत बसून सायबर फसवणुकीवर पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. वर्गात माझं शिकवणं कुणाच्या लक्षात राहत नाही. नेमकं हेच राहिलं!

मंगलने फोन लावला. “आई, मी मंगल.”

“आता बाईचा आवाज काढून राह्यला काय? शरम कर!” बंद.

रफिकभाई कौतुकाने म्हणाले, “सर, तुमी पक्कं शिकवलं पन.”

व्हिडिओ कॉल करावा, तर त्या फोनला बटनं होती, डोळा नव्हता. शेजारच्यांचा नंबर कुणाकडे नव्हता. तिसऱ्यांदा मी लावला आणि सरळ शरण गेलो. “मामी, मी खरा गजानन हाय. कायबी इचारा. जे फक्त जवायालेच माहीत असन ते इचारा.”

सासूबाई विचारात पडल्या. त्यांच्या विचार करण्याचा आवाजही स्पीकरवर येत होता. तो सुपारीचा होता. मग म्हणाल्या, “मंगलले पाह्यले आलते, तवा काय झालं होतं? सारं सांग. आखडतं घेऊ नको.”

मी रफिकभाईंकडे बघितलं. केतकीकडे बघितलं. बावीस-तेवीस वर्षं मी ही गोष्ट या घराच्या भिंतींना कळू दिली नव्हती.

“मामी, दुसरं काही इचारा ना.”

“म्हंजे तू जवाई नाही. ठेवते मी.”

“थांबा! सांगतो!” आणि मी सांगितलं. की मी पांढरी स्वच्छ पँट घालून मुलगी बघायला गेलो होतो. की अंगणात बाजेवर पांढरं धोतर अंथरलेलं होतं आणि ते माझ्यासाठीच आहे असं समजून मी ऐटीत त्यावर बसलो. की त्या धोतरावर नुकत्याच घातलेल्या ओल्या कुरडया होत्या.

“किती?” सासूबाईंचा प्रश्न.

“लय होत्या.”

“मंग उठले तवा?”

“उठलो तवा... सोबत आल्या.”

“किती आल्या?”

“पाच. एक मांगून तुमीच काढली, मामी.”

रफिकभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. आणि केतकी, जी तासाभरात एकदाही हसली नव्हती, तिने टॉवेलात तोंड खुपसलं.

“जवाईच हाय,” सासूबाईंनी निकाल दिला. “सांगा जवाईबापू, काय पाह्यजे?”

पण तोवर ओटीपीची मुदत संपली होती! केतकीने पुन्हा मागवला. सासूबाई म्हणाल्या, “आला, वाजला. पन चष्मा आत हाय.” त्या चष्मा आणायला गेल्या, येताना मांजराला हाकललं, मांजराने काय सांडलं ते आम्हाला सविस्तर सांगितलं, आणि मुदत संपली. तिसऱ्या वेळी त्यांनी आकडे वाचले ते असे: “चार... मंग गोलावर गोल, असे दोन... मंग पोट फुगेल एक... मंग काठी...”

“आठ, आठ! पोट फुगेल म्हंजे सहा, बरोबर? खाली फुगेल की वर?” केतकीने विचारलं.

“खाली वं माय, आपल्यासारखंच!”

चाललं! खातं उघडलं. मोबाइलच्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडे सहा-सहाच्या आठ तुकड्यांत उभे राहिले. साडेअकरा वाजून गेले होते. रफिकभाईंनी आकडे वाचायला घेतले, केतकी टाकू लागली आणि मी... मला दोघांनीही हात मांडीवर ठेवून बसायला सांगितलं होतं. पहिल्या वेळी चुकलं. दुसऱ्या वेळी रफिकभाईंनी सुईत दोरा ओवावा तसा एकेक आकडा दिला. पडदा क्षणभर काळा झाला, आणि विंडोज उघडू लागली! मी टाळ्या वाजवायला हात उचलले. पडद्यावर अक्षरं आली: ‘अपडेट होत आहे. संगणक बंद करू नका. अकरा टक्के.’

“मी काही नाही केलं!” मी आधीच सांगून टाकलं.

अपडेट सरकत होतं आणि मंगल लेकीची वेणी घालत होती. वीस टक्के, एक पेड. चाळीस टक्के, दुसरा पेड. साठ टक्क्यांवर ते असं अडलं, की रफिकभाई दोन्ही हात वर करून दुआ मागू लागले आणि मंगलने गजानन महाराजांना नारळ बोलला. बारा वाजायला चार मिनिटं असताना शंभर झालं. केतकीने कुर्त्याची कॉलर सरळ केली, आम्हाला तिघांना खोलीबाहेर काढलं आणि दार लावलं.

आम्ही दाराला कान लावून उभे राहिलो. रफिकभाईंना छापील इंग्रजी जमतं, बोललेलं नाही, म्हणून मंगल आणि ते माझ्याकडे बघत होते; मी जमेल तसं भाषांतर करत होतो. नोकरी होती ग्राहकांना फोनवरून तांत्रिक मदत करण्याची. पहिले काही प्रश्न सरळ गेले. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, एखाद्या ग्राहकाने स्वतःच यंत्र बिघडवलं, वर तो ‘मी काहीच केलं नाही’ म्हणू लागला, तर तुम्ही काय कराल?

केतकी म्हणाली, “मॅडम, मी त्याच्यावर चिडत नाही. त्याला हात मांडीवर ठेवून बसायला सांगते. आताच, दहा मिनिटांपूर्वी, एका ग्राहकाचं काम असंच करून दिलं.” आणि तिने सगळी गोष्ट सांगितली. लिनक्स, निळा पडदा, कामरगाव, ओटीपी. कुरडया तेवढ्या गाळल्या. पलीकडून दोन-तीन माणसं हसल्याचा आवाज आला.

“काय म्हंतेत?” मंगलने कुजबुजत विचारलं.

“बापाबद्दल इचारून राह्यले,” मी म्हणालो. “चांगलंच सांगून राह्यली.”

आठवड्याने पत्र आलं. केतकीची निवड झाली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटताना मी म्हणत होतो, की तिची तयारी मीच करून घेतली, अगदी प्रत्यक्ष संकट उभं करून! मंगल मागे उभी राहून फक्त डबा पुढे करत होती.

आता केतकी पुण्याला असते. कंपनीने तिला वेगळा लॅपटॉप दिला, म्हणून हा घरीच आहे. जाण्याआधी तिने त्यात दोन खाती करून दिली: एक मंगलचं, ज्याला सगळे अधिकार आहेत, आणि एक माझं, ज्याला पत्ते खेळता येतात. मी काहीही नवीन टाकायला गेलो, की पडद्यावर चौकट येते आणि मंगलचा पासवर्ड मागते. मग मी हाक मारतो. ती पदराला हात पुसत येते, पडद्याकडे बघते, माझ्याकडे बघते आणि एकच शब्द विचारते, “कायले?”

मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवतो. पानिपत का झालं, हे मुद्देसूद, पाच कारणांसह सांगू शकतो. पण या एका प्रश्नाचं उत्तर मला अजून एकदाही देता आलेलं नाही. मी पत्ते खेळतो. त्यातही हरतो.